ऑफिसातला अतिभार आणि आपण



माझी भाची दोन वर्षांपासून आमच्याकडे बिबवेवाडीत राहते. खराडीतल्या एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये ती नोकरी करते. फर्मचे नाव लिहीत नाही, कारण पोरीला अजून तिथेच जायचे आहे. सकाळी ती दोन डबे घेऊन निघते. एक दुपारचा, पोळीभाजीचा. दुसरा छोटा, सूर्यास्ताच्या आत खायचा. त्यात दशमी, चटणी, कधी घावन, कधी नुसते मुगाचे लाडू. लहानपणापासून रात्री न जेवणारी मुलगी आहे ही. तिच्या आईने पुण्याला पाठवताना माझ्याकडून एवढे एकच वचन घेतले होते.

तो छोटा डबा आठवड्यातून तीन-चार वेळा जसाच्या तसा परत यायचा. रात्री दहा-साडेदहाला मी तो उघडायचे, दशमी वातड झालेली असायची. "मीटिंग होती गं मावशी," एवढेच उत्तर. मग पाणी पिऊन झोपायची, कधी पाणीही नाही. सुरुवातीला मी रागावले. मग म्हटले, नवीन आहे, रुळेल. आणि एकदा ती फारच रडवेली झाली, तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवत मी म्हणाले, "आत्ता चार वर्षं सोस, पुढे आयुष्यभर आराम आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

ही मुले तिथे नेमके काय करतात, हे मला फार दिवस कळत नव्हते. आपल्या घरांत दुकान कळते, शेती कळते, डॉक्टर-वकील कळतात. "सल्ला देण्याची कंपनी" म्हटले की आपण मान डोलावून गप्प बसतो. एका रविवारी शेंगा सोलता सोलता भाचीने मला समजावून सांगितले, ते तुम्हालाही सांगते. या कंपन्यांकडे विकायला माल नसतो, माणसांचे तास असतात. क्लायंटला सांगायचे, तुमचे हे काम आमची माणसे अमुक तासांत करतील, त्याचे इतके पैसे. प्रत्येकाने आपला तास न् तास टाइमशीट नावाच्या तक्त्यात कोणत्या क्लायंटच्या खात्यावर गेला ते भरायचे. ज्या तासाचे पैसे मिळतात तो बिलेबल. ज्याच्याकडे बिलेबल काम नाही तो 'बेंचवर'. बेंचवरच्या माणसाला रात्री झोप लागत नाही, कारण वर्षअखेरीला प्रत्येकाला रेटिंग मिळते आणि टीममधल्या सगळ्यांना चांगले रेटिंग देता येत नाही. कुणीतरी खाली असायलाच लागते.

आता गंमत बघा. समजा काम मुळात चारशे तासांचे आहे. पण दुसऱ्या फर्मने कमी भाव लावला म्हणून आपल्या साहेबांनी ते अडीचशे तासांच्या पैशांत घेतले. उरलेले दीडशे तास कुठून येणार? ते येतात रात्रीतून, रविवारातून आणि माझ्या भाचीच्या छोट्या डब्यातून. आणि टाइमशीटमध्ये ते भरायचे नसतात. तोंडाने कुणी तसे सांगत नाही, पण भरले तर काम तोट्यात दिसते, मॅनेजरचे तोंड कडू होते. म्हणून मुलगी चौदा तास काम करते आणि तक्त्यात नऊ लिहिते. उद्या कुणी तपासायला आले तर कागदावर सगळे आलबेल. मी इतकी वर्षे घर चालवले, हिशेबाची वही ठेवली, पण खर्च झालेला पैसा वहीत लिहायचाच नाही असा हिशेब मी पाहिला नव्हता.

याच पुण्यात ॲना सेबॅस्टियन पेरायिल ही मुलगी काम करत होती. तुम्हाला बातमी आठवत असेल. कोचीची, 26 वर्षांची, नोव्हेंबर 2023 मध्ये सीए झालेली. 19 मार्च 2024 ला ती ईवायच्या समूहातल्या ऑडिट फर्ममध्ये पुण्यात रुजू झाली, पहिलीच नोकरी. 20 जुलै 2024 ला ती गेली. चार महिने. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने, अनिता ऑगस्टिन यांनी, कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सगळीकडे पसरले. रात्री उशिरा काम सांगून सकाळी मागितले जाई, शनिवार-रविवारही सुटत नसे, असे आईने त्यात लिहिले आहे. आणि अंत्यसंस्काराला कंपनीतून कुणीही आले नाही, हेही. प्रमुखांनी न येण्याबद्दल खेद व्यक्त केला, मात्र कामाच्या ताणाने तिचा जीव गेला हे कंपनीने मान्य केले नाही. इतरांना देतो तेवढेच काम तिला दिले होते, असे त्यांचे म्हणणे.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले होते. इतरांना देतो तेवढेच! ते खरे असेल तर प्रश्न मोठाच होतो, लहान नाही होत.

त्या पत्रातला एक भाग मला अजून सुटत नाही. 6 जुलैला आई-वडील पुण्याला आले, लेकीच्या सीए पदवीदान समारंभासाठी. त्यांच्या विमानाची तिकिटे लेकीने स्वतःच्या पगारातून काढली होती. छातीत आवळल्यासारखे होते म्हणत होती, म्हणून तिला दवाखान्यात नेले. ईसीजी ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, झोप पुरेशी नाही आणि जेवण फार उशिरा होते आहे. ॲसिडिटीची औषधे दिली. दवाखान्यातून ती कामावर गेली. दुसऱ्या दिवशी रविवार, समारंभाचा दिवस. त्या दिवशीही ती दुपारपर्यंत घरून काम करत बसली आणि सगळे समारंभाला उशिरा पोहोचले.

झोप पुरेशी नाही, जेवण फार उशिरा. दवाखान्यात ऐकलेले हे दोन शब्दप्रयोग आपल्या किती घरांत आज ऐकू येतात सांगा.

नंतर कामगार खात्याचे अधिकारी पुण्यातल्या त्या कार्यालयात गेले, तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच तिथे नव्हती असे समोर आले. कार्यालय 2007 पासून चालू होते. नोंदणीचा अर्ज केला होता फेब्रुवारी 2024 मध्ये. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला शॉप ॲक्टचे लायसन्स काचेत लावून बसतो हो! महाराष्ट्राचा 2017 चा हा कायदा 2024 मध्ये दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48 तास एवढीच मर्यादा घालत होता. त्यावर काम केले तर ओव्हरटाइम दुप्पट दराने, तोही तेव्हा तीन महिन्यांत 125 तासांच्या आत होता. पण त्यात एक पळवाट आहे. व्यवस्थापकाच्या किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसांना ही मर्यादा लागू नाही. आणि या ऑफिसांत कॉलेजातून बाहेर पडून तीन वर्षे झाली की पोराच्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापतात. कुणावर देखरेख करतो बिचारा? स्वतःच्या लॅपटॉपवर. आपल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ऑफिस सुटल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा काही झाला नाही.

त्या दिवसांत चर्चा मात्र भरपूर झाली. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका कार्यक्रमात म्हणाल्या की ताण पेलण्याची आतली शक्ती मुलांकडे हवी, ती देवावरच्या श्रद्धेतून येते आणि घरच्यांनी ती शिकवायला हवी. टीका झाल्यावर, आपला रोख त्या मुलीवर नव्हता असा खुलासाही त्यांनी केला. खरे सांगू? पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते पटलेच होते. मीही रोज सामायिकाला बसणारी बाई. 48 मिनिटे स्वस्थ बसल्याने काय मिळते ते मला ठाऊक आहे. म्हणून भाचीला म्हटले, सकाळी एक माळ जप करत जा, मन खंबीर होईल. ती म्हणाली, "मावशी, मी करते गं जप. कॅबमध्ये करते. पण बैलाला णमोकार ऐकवला म्हणून गाडीतली पोती कमी होतात का?"

बैलाचे तिला कुठून सुचले कोण जाणे. माझ्या मात्र काळजात काहीतरी हलले.

कारण दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो, रोज एक अध्याय. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मारणे, बांधून ठेवणे, अवयव कापणे हे तीन आपल्याला कळतात आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो, आपण असले काही करत नाही. उरलेले दोन म्हणजे अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपेल त्याहून जास्त ओझे लादणे, आणि वेळेवर खाऊपिऊ न देणे. रत्नकरंड श्रावकाचारातही हेच आहेत. टीकाकारांनी उदाहरण बैलाचे दिले, कारण त्या काळी ओझे बैल वाहायचा. आपण पाठशाळेतही तसेच शिकलो: गाडीत जास्त पोती भरू नका, बैलाला वेळेवर वैरण-पाणी द्या. परीक्षेत लिहिले, मार्क मिळाले. 2024 मध्ये 17 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि त्याच आठवड्यात ॲनाच्या आईचे पत्र सगळीकडे फिरत होते. सातवा अध्याय वाचून जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. झोप पुरेशी नाही, जेवण फार उशिरा. दोन्ही अतिचार एका वाक्यात.

आता ते वाक्य, जे लक्षात ठेवायला सांगितले होते.

"आत्ता चार वर्षं सोस, पुढे आयुष्यभर आराम आहे." भाचीला हे म्हणायच्या आधी हेच वाक्य मी दुसऱ्या कुणाला तरी म्हटले होते. आमचे यांचे मार्केटयार्डाजवळ टॅक्स कन्सल्टंटचे छोटे ऑफिस आहे. हे सीए आहेत. हाताखाली एक सीए मुलगी, दोन कारकून आणि तीन आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी प्रत्यक्ष काम शिकणारी मुले. पूर्वी तीन वर्षांची आर्टिकलशिप असायची, आता दोन वर्षांची झाली आहे. सीए संस्थेच्या नियमात त्यांचे कामाचे तास आठवड्याला 35 धरलेले आहेत. आणि आमच्याकडे? सप्टेंबर आला की टॅक्स ऑडिटच्या 30 तारखेची घाई. व्यापारी मंडळी वर्षभर स्वस्थ बसतात आणि 15 सप्टेंबरनंतर बिलांच्या पिशव्या घेऊन येतात. मग मुले रात्री अकरा, कधी बारापर्यंत ऑफिसात. 2024 मध्ये याच दिवसांत माझे दशलक्षणाचे एकाशन चालू होते. पहाटे अभिषेक, मग पूजा, दुपारी स्वाध्याय. संध्याकाळी प्रतिक्रमण. त्या वेळी तिकडे मुले उपाशी काम करत होती. यांच्या ऑफिसात कँटीन नाही, आणि साहेब जागचे उठत नाहीत तोवर मुले कशी उठणार?

एका रात्री साडेदहाला त्यातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. यांचा लागत नव्हता म्हणून माझ्या मोबाइलवर. "काकू, आमचा मुलगा निघाला का हो? सकाळी नुसता चहा घेऊन गेलाय. आज अष्टमी, बाहेरचं तो खाणार नाही." मी तिला अगदी मायेने, मोठेपणाने सांगितले, "अहो ताई, काळजी करू नका. आत्ता दोन वर्षं सोसू द्या त्याला, पुढे आयुष्यभर आराम आहे." फोन ठेवला आणि शांत झोपले. 2024 मध्ये मुदत शेवटच्या क्षणी 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली, तर ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला. मुलांच्या वाट्याला मात्र आणखी एक आठवडा तसाच आला.

भाचीच्या तोंडून बैलाचे ऐकले तेव्हा मला त्या माउलीचा आवाज आठवला. ती काही तक्रार करत नव्हती. तिला फक्त मुलगा जेवला का, एवढेच हवे होते. आणि मी तिला उपदेश केला.

म्हणून मला या विषयावर लिहायचे आहे. मोठ्या परदेशी कंपनीला नावे ठेवणे सोपे आहे. पण मैत्रिणींनो, पुण्यात, सोलापुरात, सांगली-कोल्हापुरात आपल्या समाजातली किती ऑफिसे आहेत मोजा. सीए, वकील, बिल्डर, अडत्ये, कापडवाले. पाणी आपण गाळून पितो. कांदा-बटाटा वर्ज्य करतो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो. हे सगळे मनापासून करतो, ते मी कमी लेखत नाही, मीही करते. पण ज्याच्या कमाईतून हे घर चालते त्या ऑफिसात संध्याकाळी सहा वाजता कुणाला उठून डबा खाता येतो का, हे आपण विचारतो का? मी वीस वर्षे विचारले नव्हते. धंदा हा पुरुषांचा, धर्म हा आपला, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. आणि ती दोघांनाही सोयीची आहे.

दुसरीही एक सोय आहे. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे म्हटले. ज्या इन्फोसिसची सुरुवात 1981 मध्ये आपल्या पुण्यातच झाली, सुधाताईंनी दिलेल्या दहा हजारांवर. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी 90 तासांचे काढले, वर विचारले की घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण कुणी हे विचारले नाही की जो पुरुष 70 तास ऑफिसात बसतो त्याचा चहा कोण करतो, कपडे कोण धुते, आईचा दवाखाना कोण बघते. तो 70 तास बसू शकतो, कारण घरी एक बाई तेवढेच तास राबते आणि तिची टाइमशीट कुणी भरत नाही. आता माझ्या भाचीला असे कोण आहे? मी आहे, म्हणून तिचा डबा तरी होतो. तिच्याबरोबरच्या मुली खोली घेऊन राहतात. रात्री अकराला घरी जाऊन त्या काय खातात? मॅगी. आणि लग्न झालेल्या? त्यांना घरी गेल्यावर सासू विचारते, इतका उशीर का. तिचाही दोष नाही, तीही दिवसभर नातवंडे सांभाळून दमलेली.

"मग पोरींनी नोकऱ्या सोडायच्या का?" असे मंदिरात एका काकूंनी मला विचारले. नाही हो. शिकलेल्या मुलीला घरी बसवण्यासाठी हे कारण कुणाच्या हाती द्यायचे नाही मला. काही घरांत ॲनाची बातमी वाचून लगेच "बघा, म्हणून मुलींना एवढे शिकवू नये" सुरू झाले होते. तिच्या आईने तसे कुठेही म्हटलेले नाही. काम वाईट नाही. भाचीला तिचे काम आवडते. आकड्यांतून एखाद्या कारखान्याची गळती सापडली की ती मला उत्साहाने सांगत बसते. तिला नको आहे तो तक्त्यात न दिसणारा भार.

मी काय केले ते सांगते. भाचीला "सोस" म्हणणे बंद केले. तिने स्वतःच एक युक्ती काढली. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये रोज सहा ते साडेसहा अशी वेळ अडवून ठेवली आणि त्याला नाव दिले 'सूर्यास्त रिव्ह्यू'. दोन आठवडे कुणी विचारलेही नाही. मग मॅनेजरने विचारले हा कोणता रिव्ह्यू, तेव्हा तिने खरे सांगितले. तो हसला, म्हणाला, चालू दे. आता तिच्या टीममधली एक मुस्लिम मुलगी नमाजासाठी तीच वेळ घेते आणि एक जण बायकोला फोन करतो. रात्रीचे काम तरीही सुटलेले नाही. पण खरे तास टाइमशीटमध्ये भरायला तिने सुरुवात केली आहे. याची किंमत मार्चच्या रेटिंगमध्ये मोजावी लागेल असे ती म्हणते. लागेलही.

यांच्याशी बोलणे जास्त अवघड गेले. "तुला धंद्यातले काय कळते" पासून सुरुवात झाली. मी सातवा अध्याय पुढे केला तेव्हा म्हणाले, "म्हणजे मी हिंसक?" दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, या वर्षी जुलैपासून व्यापाऱ्यांना पत्रे पाठवतो, 31 ऑगस्टपर्यंत बिले आली नाहीत तर ऑडिट दुसरीकडे करून घ्या. पत्रे गेली आहेत. एक जुना क्लायंट, वडिलांच्या वेळेपासूनचा, चिडून फाइल घेऊन गेला. मोठी फी होती. यांनी मला त्याबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही, पण त्या रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बसून होते.

ऑफिसात आता पावणेसहाला मुलांसाठी घरून डबा जातो. भाकरी, पिठले, ताक. पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन गेले. तो मुलगा, ज्याच्या आईचा फोन आला होता, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला?" मी त्याच्या आईचा नंबर मोबाइलमध्ये शोधला. गेल्या सप्टेंबरचा तो होता अजून, नाव न घातलेला. आज तिला फोन करणार आहे.